धाकट्यांनी आधी उठायचं

आपा, भांडण अर्धवट टाकून निघून जायचं, ही काही रीत झाली का? उमेदवार गुप्त चिठ्ठ्या टाकून निवडावा की सगळ्यांसमोर उभं राहून निवडावा, यावर आपण दोघी वर्षभर भांडलो. दुकानाच्या पायरीवर भांडलो, लग्नाच्या पंगतीत भांडलो. लातूरला जाताना एसटीत एवढं भांडलो की कंडक्टर म्हणाला, एकीनं पुढच्या सीटवर बसा, आणि तू त्यालाच विचारलंस, "तुमच्या युनियनचा अध्यक्ष कसा निवडता वो तुमी?" आता मला एक चांगला मुद्दा सापडलाय, तर ऐकून घ्यायला तू नाहीस. तुला जाऊन चाळीस दिवसही झाले नाहीत, चाळीसावा अजून व्हायचाय. घरचे म्हणतात, जरा शांत हो, मग लिही. पण शांत होऊन लिहिलेलं माझं म्हणून तुला ओळखूच आलं नसतं.

गाव तुला नगराध्यक्षा शकीला आपा म्हणून हार घालतंय. मला तू दिसतेस ती मणियार गल्लीच्या तोंडाशी, काचेच्या कपाटापुढं मांडी घालून बसलेली, कुणाचा तरी हात गुडघ्यावर घेऊन बांगड्या भरणारी. समोर माझं शिलाईचं दुकान. मी मशीन चालवत तुझ्याशी रस्त्यापलीकडून बोलायचे आणि मधून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यांना आपलं अर्धं राजकारण फुकट ऐकायला मिळायचं. तुझं माहेर धर्माबाद. तिथल्या मिरचीचा एक कण तुझ्या जिभेवर कायमचा राहिला होता, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. बांगडी भरताना मात्र तू कुणाला दुखवलं नाहीस, हेही त्याच म्हणायच्या.

पक्षात आपण दोघी सतरंज्या उचलणाऱ्या. सभा साहेबांची, भाषण साहेबांचं, सतरंजी आपली. साहेब म्हणजे तालुक्यातले आपल्या पक्षाचे सर्वेसर्वा. माणूस वाईट नाही, हे तूच मला बजावायचीस. निवडणूक आली की इच्छुक लोक पांढरे कपडे घालून रेस्ट हाऊसवर रांगेत बसायचे, त्याला मुलाखती म्हणायचे. मग बरेच दिवस शांतता. मग एक दिवस नाव वरून यायचं. वर म्हणजे कुठं, हे विचारायची आपल्यात पद्धत नव्हती. नाव आलं की आपण पत्रकं वाटायला निघायचो.

या वेळी नगराध्यक्षपद महिलेला सुटलं. दुसऱ्याच दिवशी साहेब तुझ्या दुकानात चहाला आले. मी रस्ता ओलांडून आलेच. साहेब म्हणाले, "आमच्या सूनबाई उभ्या राहतील. आपा, बायकांचं तुमी सांभाळा." सूनबाई पुण्याला राहायच्या. चांगली, गोड पोरगी. गावातल्या गल्ल्यांची नावं तिला नवऱ्याला विचारावी लागायची, पण तो तिचा दोष नव्हता.

तू बशीतला चहा संपवलास. मग म्हणालीस, "साहेब, घरातली सून तुमी पसंत केली, बरूबर हाय. गावाची अध्यक्षा गावाला पसंत करू द्या की. पोरगी बघायलासुद्धा चारजण जातेत."

साहेब हसले. तू हसली नाहीस. मग तू सांगितलंस की प्रत्येक वॉर्डातले पक्षाचे काम करणारे सगळे एका दिवशी एका ठिकाणी बोलवायचे, इच्छुकांची नावं घ्यायची, आणि ज्याला जी पसंत तिच्या बाजूला त्यानं जाऊन उभं राहायचं. जिचा गट सगळ्यात लहान, तिनं तो मोडायचा आणि त्या लोकांनी उरलेल्यांतून परत निवडायचं. असं करत एकच गट अर्ध्याहून मोठा होईपर्यंत. साहेबांना वाटलं असणार, बायकांचा खेळ आहे, होऊ दे, शेवटी आपलीच सून येणार. "हाव, घ्या की बैठक," म्हणाले आणि गेले.

त्यांची गाडी वळायच्या आत मी तुझ्यावर तुटून पडले. तुला म्हटलं, डोकं फिरलंय का? साहेबांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या बाजूला कोण उभं राहील? ज्याचं दुकान साहेबांच्या गाळ्यात आहे तो राहील? चिठ्ठ्या टाका, डब्यात टाका, कुणाला कळायला नको. आणि बायकांचं काय? सासूच्या पुढ्यात सून वेगळ्या कोपऱ्यात गेली तर संध्याकाळी घरात काय होतं ते तुला माहीत नाही? तू बांगड्या पुसत होतीस. म्हणालीस, "सुनंदा, लई बोलून राहिली तू. चिठ्ठी टाकणारीला वाटतं, आपण एकटीच हावोत. उभी राहिली की शेजारी कोण हाय ते दिसतं." मी म्हटलं, दिसतं आणि मार बसतो. तू म्हणालीस, मग दोघी मिळून मार खातील.

पहिली बैठक आपण आपल्याच वॉर्डात करून बघितली, सराव म्हणून. शाळेच्या खोलीत. दाराजवळ सूनबाईंचा कोपरा, फळ्याजवळ तुझा. तुझं नाव मीच घेतलं होतं, आणि त्या वेळी तू मला चिमटा काढलास तो अजून आठवतो. खिडकीजवळ वर्षाताईंचा कोपरा. वर्षाताई म्हणजे मेडिकलवाल्यांच्या घरच्या, आमच्या लिंगायत समाजातल्या, व्यापाऱ्यांचा त्यांना पाठिंबा. सगळे सतरंजीवर बसले होते आणि कुणीच उठेना. मग काशिनाथमामा उठले. आपल्या वॉर्डातले पक्षातले सगळ्यात वयस्कर. मामा उठले तसे आदरानं पाचपन्नास माणसं उठली. मामा खिडकीकडं गेले तशी ती सगळी माणसं खिडकीकडं गेली. मामांनी खिडकीतून तंबाखू थुंकली, मागं वळून बघितलं आणि म्हणाले, "काय झालं? लाईट गेली का?"

तू फळ्याला टेकून हसत होतीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तर म्हटलं, झाली तुझी लोकशाही, आता गुप्त चिठ्ठ्या घे. पण तू रात्रभर विचार केलास आणि सकाळी दुकान उघडायच्या आत माझ्या पायरीवर येऊन बसलीस. आपल्याकडं मोठं माणूस जिथं जातं तिथं लहान जातं, ते काही चुकीचं नाही, तू म्हणालीस, आईबापानं तसंच शिकवलंय. मग मोठ्यांना शेवटी उठवायचं. धाकट्यांनी आधी. सुनांनी सासवांच्या आधी, भावांत धाकट्यानं आधी, नवीन कार्यकर्त्यानं जुन्याच्या आधी. मोठे बसूनच राहतील, मान तर त्यांचाच राहील. कुणी कुणाच्या विरोधात गेलं असं होणारच नाही, कारण मोठं माणूस अजून कुठं गेलेलंच नसेल. आपा, एवढी साधी गोष्ट. भाऊकी, सोयरीक, व्याही-विहिणी यांच्यात अडकलेल्या गावाची गाठ तू बोटानं सोडवलीस, आणि मला त्याचा इतका राग आला की मी तुला चहासुद्धा विचारला नाही.

मग तो दिवस. धान्याच्या मोंढ्याजवळचं मंगल कार्यालय. लग्नाची तिथ नव्हती म्हणून मिळालं, भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाची नावं तशीच राहिली होती. स्टेजच्या बाजूला सूनबाई, जेवणाच्या हॉलच्या दाराशी वर्षाताई, गेटजवळ तू. साहेब मधोमध खुर्चीवर. तिघींनीही बोलायचं होतं. सूनबाई चांगलं बोलल्या, पुण्याचं बोलल्या. वर्षाताई नाल्यांवर बोलल्या. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मला काय बोलायचं? तुमचे हात मी बघितलेत, तुमी माझे बघितलेत. नळाला पाणी यीना तर माझ्या दुकानासमोर येऊन बोंबला. दुकान तिथंच हाय." आणि बसलीस.

धाकटे उठले. सुरुवातीला पोरंपोरी, मग नव्या सुना, मग मधले, आणि सगळ्यात शेवटी काशिनाथमामांसारखे, काठ्या टेकत. मोजणी झाली. सूनबाईंचा गट मोठा, तुझा त्याच्याजवळ, वर्षाताईंचा लहान. नियमानं वर्षाताईंचा गट मोडायचा होता. आणि तो गट म्हणजे जवळजवळ सगळे आमचेच लोक. माझ्या सासूबाई त्यात, माझी धाकटी जाऊ स्वाती त्यात. आता हे लोक कुठं जातात यावर सगळं होतं. साहेबांच्या घरी जातात की मणियार गल्लीत. उघड कुणी बोलत नव्हतं, पण गेटजवळ उभं राहून मला ते सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी तुझ्या कानात म्हटलं, आता तरी चिठ्ठ्या माग. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "गप. बघ."

जेवणाच्या हॉलच्या दाराशी कुणी हलेना. मग स्वाती हलली. आमची स्वाती, जी सासूबाईंसमोर भाजीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा बोलत नाही. पदर सारखा केला आणि सगळा हॉल ओलांडून निघाली. तेवढं अंतर एकटीनं चालत आली, आपा. तिचे डोळे तुझ्यावर होते, माझ्यावर नव्हते. ती येऊन माझ्या शेजारी उभी राहिली तेव्हा तिच्या दंडावर काटा आला होता. मग तिच्या मागून मेडिकलमध्ये काम करणारी दोन पोरं आली. मग व्यापाऱ्यांच्या सुना, एक, मग घोळकाच. मग खुद्द वर्षाताई आल्या, स्वतःचा गट मोडून, तुझ्या गळ्यात पडल्या. गेटजवळ जागा पुरेना, काहीजण बाहेर रस्त्यावर उभे राहिले आणि मोजणाऱ्याला बाहेर जाऊन मोजावं लागलं. तू जिंकलीस. बांगड्या भरणारी शकीला, सतरंज्या उचलणारी शकीला. मी त्या दिवशी किती ओरडले ते मला सांगता येणार नाही, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकांशी खुणांनी बोलावं लागलं.

साहेबांचं एक सांगायला पाहिजे, तूही सांगायला लावलं असतंस. ते दोन दिवस फोन उचलत नव्हते. मग स्वतः तुझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "आपा, तिकीट तुमचंच." सूनबाई पुण्याहून येऊन तुझ्या प्रचारात फिरल्या, गल्ल्यांची नावं पाठ करून.

सासूबाई मात्र स्टेजच्या बाजूला गेल्या होत्या. साहेबांच्या घरच्यांशी त्यांचं जुनं जाणं-येणं. घरी आल्यावर त्यांनी स्वातीशी बोलणं बंद केलं; माझी आशा त्यांनी कधीच सोडली होती. स्वाती स्वयंपाकघरात रडत बसली. मी चप्पल न घालता तुझ्याकडं आले आणि म्हटलं, बघ तुझं उघड उभं राहणं, म्हणाले होते की नाही? सकाळी तू बांगड्यांची पेटी घेऊन आमच्या घरी आलीस आणि सासूबाईंसमोर बसलीस. त्यांनी हात पुढं केला, तोंड दुसरीकडं करून. "तुझ्याकडं उभी न्हाई राहिले ते दिसलं का तुला?" तू म्हणालीस, "दिसलं की अक्का. सगळ्या गावाला दिसलं. तुमी कुणाला भिऊन न्हाई, मनानं तिकडं गेलात. मला आवडलं." सासूबाईंनी त्या दिवशी स्वातीला हाक मारली, चहा टाक म्हणून. आपा, तुझं हे असं असायचं. भांडायला आलेल्या माणसाचा हात तू आधी मांडीवर घ्यायचीस.

आता माझा मुद्दा ऐक. तू गेलीस त्या दिवशी, नांदेडहून फोन आला की दवाखान्यात पोचेपर्यंतच सगळं संपलं, तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. हातातल्या बांगड्यांकडं बघत म्हणाल्या, "बटण मी तिचंच दाबलं होतं. सांगितलं न्हाई कुणाला." निवडणुकीचं मत, आपा, मशीनवरचं, आडोशातलं. कार्यालयात सगळ्यांसमोर ज्या तुझ्याकडं आल्या नाहीत त्या तिथं आल्या, कारण तिथं कुणी बघत नव्हतं. हे तुला मान्य करावं लागेल. गुप्त मतानं तुला माझी सासू मिळाली. यावर तू काय म्हणाली असतीस हे मी रोज ऐकायचा प्रयत्न करते, आणि काही सुचत नाही, कारण ते सुचायचं काम तुझं होतं.

आणि एक उत्तर द्यायचं राहिलं. निकालाच्या दिवशी, तहसीलच्या बाहेर, आपण दोघी गुलालानं ओळखू न येण्यासारख्या झालो होतो. हलगी वाजत होती, पोरं तुला जीपवर चढवत होती, आणि तू वरून वाकून मला विचारलंस, "खरं सांग सुनंदा. कार्यालयात चिठ्ठ्या असत्या तर माझ्या नावाची टाकली असतीस का?" मला इतका राग आला. एवढं सगळं केल्यावर हा प्रश्न? मी तोंड फिरवलं आणि जीप निघाली. नंतर तू परत विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. सांगते आता. टाकली असती. कुणी बघत नसताना, कुणाला कळणार नसताना, तुझंच नाव लिहिलं असतं. तुला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. पण तुला माझ्या तोंडून ऐकायचं होतं आणि मी तेवढं केलं नाही, म्हणून रडू येतं. भांडताना येत नव्हतं.

तू अध्यक्षा होतीस ते महिने थोडेच झाले. तरी त्यात मी तुला हसताना जेवढं बघितलं तेवढं जन्मात बघितलं नव्हतं. दुपारी नगरपालिका, संध्याकाळी दुकान. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्या बाईला तू आधी बांगड्या दाखवायचीस. मी म्हणायचे, याला भ्रष्टाचार म्हणतात, आणि तू म्हणायचीस, "विकत घेतल्या कुठं तिनं, बघितल्याच की." अहमदपूरहून, भोकरहून माणसं येऊन विचारून गेली की ती धाकट्यांनी आधी उठायची पद्धत काय आहे. तू त्यांना माझ्याकडं पाठवायचीस, मुद्दाम. मला नाइलाजानं तुझी बाजू समजावून सांगायला लागायची.

परवा तुझी शोकसभा झाली, नगरपालिकेच्या पटांगणात. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीवर बसले. साहेब बोलले, आणि चांगलं बोलले. मनापासून बोलले. शेवटी म्हणाले, "आपांची खुर्ची रिकामी ठेवून चालणार न्हाई. पोटनिवडणूक लागंल. मी एक नाव मनात ठरवलं हाय, पण आज दुःखाचा दिवस हाय, आज सांगत न्हाई. आता दोन मिनिटं उभं राहून आपांना श्रद्धांजली देऊ."

आम्ही उभ्या राहिलो. मान खाली, हात जोडून. तुझं नाव मनात घ्यायचं, तर माझ्या डोक्यात साहेबांचंच वाक्य फिरत होतं. एक नाव ठरवलं हाय. म्हणजे हे सगळं तुझ्या एकटीपुरतं होतं की काय, तुझ्याबरोबर उचलून नेलं की काय. मी तुला त्या दोन मिनिटांत काय काय बोलले ते शोकसभेत बोलायसारखं नव्हतं. शेजारी स्वाती, तिच्या पलीकडं सासूबाई गुडघा धरून उभ्या.

दोन मिनिटं झाली. साहेब म्हणाले, "बसून घ्या." पुढच्या खुर्च्यांवरचे जुने लोक बसायला लागले. मागच्या रांगेतल्या पोरी बसल्या नाहीत. सगळ्यांना चहा द्यायला म्हणून थांबलेल्या कॉलेजच्या पोरी, हात जोडलेले तसेच. त्यांच्या पुढच्या सुना बसल्या नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. साहेबांनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी माईक ठोकला आणि परत म्हणाले, "बसा, बसा." भिंतीवरची पोरं खाली उतरून उभी राहिली. पुढं बसायला वाकलेल्या म्हाताऱ्यांनी मागं वळून बघितलं, आणि एकेक करून परत सरळ झाले.

कुणी घोषणा दिली नाही. शोकसभा होती, तेवढी समज आम्हाला आहे. कुणी हातही वर केला नाही. सगळं पटांगण नुसतं उभं होतं आणि सगळे साहेबांकडं बघत होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग माईक बाजूला सारला आणि साध्या आवाजात विचारलं, "बरं. मग बैठक कधी घ्यायची?"

उत्तर स्वातीनं दिलं, सासूबाईंच्या शेजारी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मंगळवारी घ्या. सोमवारी बाजार असतो."

साहेब म्हणाले, "मंगळवारी घेऊ." मग आम्ही बसलो, आपा.